जुनी डिझेल फोर बाय फोर बघायला जाताना

भावा, जुनी थार असो वा बोलेरो फोर बाय फोर, बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांग, गाडी सुरू करून ठेवू नका. इंजिन गार असेल तरच स्टार्टर मार. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चालतो; गरम झाल्यावरही निळा येत राहिला तर ऑइल जळतंय. चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण सैल कर. वाफ जोरात फुसफुसत असेल तर इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा नि त्याभोवतीचे लायनर झिजलेत. तिथूनच परत फिर.

मग खाली वाक. गगनबावड्याच्या पावसाचिखलात राबलेल्या गाडीची चेसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, आतून सडते. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा, बद्द आवाज आला तिथं खोड आहे. पुढच्या डिफरन्शियलचं, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचं, तेल बोटावर घे. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, सील नाहीतर ब्रीदरमधून (हवा जायची छोटी नळी).

फोर व्हील ड्राइव्ह मात्र मातीवरच तपास. कोरड्या डांबरावर वळताना पुढच्या-मागच्या चाकांचा वेग जुळत नाही, सगळा ताण ट्रान्स्फर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर येतो. फोर एल (चारही चाकं, कमी वेग-जास्त ताकद) टाकताना गाडी थांबव, गिअर न्यूट्रल.

आरसीवर कर्जाचा बोजा बघच. आणि पुढं घाटात दम तुटायला लागला तर डिझेल पंप खोलायची घाई नको. आधी डिझेल फिल्टरमधलं पाणी काढ, एअर फिल्टर बघ, टर्बोचा होज कुठं फाटलाय का ते चाचप.