रिफट्रॅक्स शिळं झालंय का? जरा सविस्तर

मूळ प्रश्न वाशीच्या एका सदस्याचा होता: रिफट्रॅक्सवाले जवळपास वीस वर्षं भंगार सिनेमांवर शेरे मारतायत, हल्ली नुसत्या पाट्या टाकतात असं मला एकट्यालाच वाटतंय का? त्यावर कळव्याच्या ताईंनी लिहिलं की माणसं थकली, आता थांबावं. घणसोलीच्या मित्राने "मग बघू नका ना, जबरदस्ती आहे का" असं सुनावलं, आणि पुढे जे व्हायचं ते झालं. त्या धुमश्चक्रीत दोन नव्या सदस्यांनी बिचाऱ्यांनी विचारलं की हे नक्की प्रकरण काय आहे, त्यांना कुणी उत्तरच दिलं नाही. म्हणून आधी त्यांच्यासाठी.

१९८८ मध्ये अमेरिकेत, मिनियापोलिसच्या एका स्थानिक चॅनलवर, जोएल हॉजसनने 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' सुरू केलं. एका माणसाला अंतराळयानात डांबलंय आणि वेडे शास्त्रज्ञ त्याला एकापेक्षा एक रद्दड सिनेमे बघायला लावतात, अशी कल्पना. तो आणि त्याचे दोन यंत्रमानव पडद्याच्या खालच्या कडेला सावल्यांसारखे बसून सिनेमाची टर उडवतात. १९९३ मध्ये जोएल बाहेर पडला आणि मुख्य लेखक माइक नेल्सन त्याच्या खुर्चीत बसला. १९९९ ला कार्यक्रम बंद पडला. २००६ मध्ये नेल्सनने रिफट्रॅक्स काढलं: यान नाही, यंत्रमानव नाहीत, नुसते सिनेमावर शेरे. केविन मर्फी आणि बिल कॉर्बेट, जुन्या कार्यक्रमात यंत्रमानवांना आवाज देणारे, त्याच्याबरोबर आले. आजही तेच तिघं आहेत. मध्यंतरी जोएलने मूळ कार्यक्रम लोकवर्गणीतून पुन्हा उभा केला, २०१७ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला, पण तो वेगळा संसार. त्याच्यावर भांडायला वेगळा धागा काढा.

आता मुद्दा. माझ्या मते माणसं शिळी झालेली नाहीत. शिळं झालं असेल तर ते त्यांच्यापुढे येणारं सामान. ही मंडळी सिनेमाच्या वाईटपणावर जगत नाहीत, सिनेमाच्या गांभीर्यावर जगतात. समोरच्या दिग्दर्शकाला मनापासून वाटत असतं की आपण काहीतरी थोर करतोय, तेव्हा यांचा साधा "बरं" सुद्धा टाळी घेऊन जातो. समोरचा स्वतःच दात काढत असेल तर यांच्या सगळ्यात हुशार ओळीचाही फुसका बार होतो.

"थकले" हा आरोप मात्र मी मनावर घेत नाही, कारण तो फार जुना आहे. १९९३ मध्ये माइक आला तेव्हा इंटरनेट नुकतं रांगत होतं, आणि तरीही यूझनेटवर, म्हणजे त्या काळच्या ऑनलाइन चर्चागटांवर, जोएलवाले विरुद्ध माइकवाले अशी जी जुंपली ती वर्षानुवर्षं चालली. १९९७ ला क्रो नावाच्या यंत्रमानवाचा आवाज बदलला, कॉर्बेट आला, तेव्हाही "संपलं सगळं" म्हणून सुतक पाळणारे होते. आज तोच कॉर्बेट जुन्या सोनेरी काळाचा माणूस म्हणून मिरवला जातो. आणि थकण्याचं म्हणाल तर केविन मर्फीने २००१ सालात वर्षभर रोज, एकही दिवस न चुकवता, थिएटरात सिनेमा पाहिला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. हा माणूस सिनेमाला इतक्यात कंटाळणाऱ्यातला नाही.

शिळेपणाची खरी परीक्षा घ्यायची तर एक सोय आहे. 'मॅनोस: द हँड्स ऑफ फेट' नावाचा १९६६ चा सिनेमा. टेक्सासमधल्या एल पासोला खतं विकणाऱ्या हॅरल्ड वॉरन नावाच्या गृहस्थाने पैजेवर काढला. लिहिला त्याने, दिग्दर्शित त्याने केला, नायकही तोच. कॅमेरा चावीचा, एका वेळी फार तर ३२ सेकंद चालणारा. चित्रीकरणाच्या वेळी आवाज घेतलाच नाही, मागाहून दोनचार जणांनी मिळून सगळ्यांचे आवाज भरले. याच सिनेमावर जुन्या कार्यक्रमाने १९९३ मध्ये भाग केला आणि २०१२ मध्ये रिफट्रॅक्सने त्याच सिनेमावर नव्याने लिहून थिएटरात लाइव्ह प्रयोग केला. मर्फी दोन्हीकडे आहे, नेल्सन पहिल्या वेळी लेखकांत आणि दुसऱ्या वेळी मायक्रोफोनसमोर. ताईंना माझी विनंती आहे की दोन्ही लागोपाठ बघा.

सुरुवातीचाच प्रसंग घ्या. एक कुटुंब गाडीतून सुट्टीला चाललंय. गाडी चालते. शेतं जातात. पुन्हा शेतं जातात. बहुतेक इथे श्रेयनामावली टाकायची राहून गेली असावी, कारण कित्येक मिनिटं पडद्यावर रस्ता सोडून दुसरं काही घडत नाही. १९९३ मध्ये जोएल आणि त्याचे दोन यंत्रमानव इथे हळूहळू खचत जातात, आपल्याला कुठे आणून सोडलंय याचा अंदाज येणाऱ्या कैद्यांसारखे. त्या भागात तर सिनेमा पाठवणारे वेडे शास्त्रज्ञसुद्धा शेवटी माफी मागतात! २०१२ मध्ये त्याच रस्त्यावर सूर वेगळा आहे. इथे डांबलेलं कुणी नाही, तीन मध्यमवयीन माणसं समोर कागद घेऊन उभी आहेत आणि थिएटर भरलेलं आहे. खचण्याचं नाटक करायची सोय नाही, म्हणून ते त्या रस्त्यालाच पात्र करून टाकतात. पुढे टोर्गो येतो, तो भल्यामोठ्या गुडघ्यांचा, लटपटत चालणारा नोकर. तो दार ते गाडी एवढं अंतर चालायला जो वेळ घेतो, त्यात १९९३ ला त्यांनी शेऱ्यांचा मारा केला होता. २०१२ ला ते चक्क थांबतात, त्याला चालू देतात, आणि प्रेक्षक त्या शांततेला हसतात. थकलेला माणूस मोकळी जागा दिसली की भरून काढतो. मोकळी सोडायला हिंमत लागते.

ठाण्याच्या गडकरी रंगायतनला रविवारी दुपारच्या प्रयोगाला नेमाने जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. शेकडो प्रयोग झालेल्या नाटकात कुठला नट प्रयोग उरकतोय आणि कुठला त्या दिवशीच्या प्रेक्षकाकडे बघून ॲडिशन घेतोय, हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. संहिता तीच असते.

आता उलटं उदाहरण. २०१४ मध्ये यांनी 'शार्कनेडो'वर लाइव्ह प्रयोग केला. वावटळीतून शार्क मासे पडतात असा सिनेमा. तो काढणाऱ्यांनाच माहीत होतं की लोक हसायला येणार आहेत. जो स्वतःच विदूषकाची टोपी घालून आलाय त्याची टोपी उडवणार कशी? शेरे वाईट नाहीत, काही तर झकास आहेत, पण प्रत्येक शेऱ्याच्या आधी सिनेमाने स्वतःच तो जोक करून ठेवलेला असतो. वाशीच्या मित्राला ज्या पाट्या टाकल्यासारख्या वाटतात त्या मला बहुतेक अशाच सिनेमांत दिसतात. आणि असे मुद्दाम वाईट बनवलेले सिनेमे गेल्या दहापंधरा वर्षांत पायलीला पन्नास झालेत, हा काही या तिघांचा दोष नाही.

दुसरं कारण धंद्याचं आहे आणि ते फारसं कुणी बोलत नाही. रिफट्रॅक्सची मूळ युक्ती अशी होती की सिनेमाला हातच लावायचा नाही. फक्त शेऱ्यांची एमपीथ्री विकायची, सिनेमाची डीव्हीडी तुमची तुम्ही आणायची आणि दोन्ही एकदम सुरू करायचं. त्यामुळे हक्क विकत घ्यायची भानगड नाही आणि कितीही मोठा, नुकताच आलेला सिनेमा घेता येई. पहिलाच 'रोड हाउस' होता, पुढे 'ट्वायलाइट', 'हॅरी पॉटर', 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज', सगळ्यांचा समाचार घेतला. करोडोंचा खर्च करून चेहरा लांब केलेले हे सिनेमे म्हणजे यांना पर्वणीच.

ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना आठवत असेल काय कसरत होती. एका हातात डीव्हीडीचा रिमोट, दुसऱ्या हातात लॅपटॉपचा माऊस. एमपीथ्रीमधला आवाज सांगायचा की अमुक बोधचिन्ह दिसलं की थांबवा, आता सुरू करा. मध्येमध्ये तो आवाज सिनेमातलं एखादं वाक्य बोलून दाखवायचा, ते पडद्यावरच्या वाक्याशी जुळलं की गाडी रुळावर आहे असं समजायचं. आपल्याकडे त्यात आणखी एक गंमत, पाल पद्धतीची डिस्क. त्यात सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम पळतात, म्हणजे सिनेमा चार टक्के जास्त वेगाने पळतो. तासाभरात जवळपास अडीच मिनिटांची तफावत. टोपीवाल्याच्या टोपीवरचा जोक येईपर्यंत टोपीवाला मरून त्याचं दफनही झालेलं असायचं. मग एमपीथ्रीचा वेग व्हीएलसी प्लेअरमध्ये १.०४ करायचा, की बसलं सगळं जागेवर. पाचपाखाडीतल्या माझ्या घरी हे कळलं तेव्हा आम्ही जो जल्लोष केला, तो ऐकून खालच्या मजल्यावरून फोन आला होता.

पुढे डिस्क गेल्या, लोकांना सगळं एका बटणावर हवं झालं. मग सिनेमा आणि शेरे एकत्र विकायचे तर हक्क हवेत, आणि मोठा स्टुडिओ स्वतःची टिंगल करायला हक्क कशाला देईल? २०१३ मध्ये यांनी 'ट्वायलाइट' थिएटरात लाइव्ह करायचा म्हणून किकस्टार्टरवर वर्गणी मागितली. मागितले ५५ हजार डॉलर, जमले अडीच लाखांच्या वर. तरीही 'ट्वायलाइट' काही मिळाला नाही, शेवटी 'स्टारशिप ट्रूपर्स' केला. थोडक्यात, मोठे सिनेमे हाताबाहेर गेले आणि स्वस्तात मिळणाऱ्या सिनेमांची गर्दी झाली. त्या गर्दीत 'बर्डेमिक'सारखं रत्नही सापडतं, जिथे दिग्दर्शकाला खरोखर वाटत होतं की आपण पर्यावरणावर काहीतरी मोलाचं सांगतोय आणि पडद्यावर चिकटवल्यासारखी गिधाडं जागच्या जागी फडफडतायत. पण दर महिन्याला 'बर्डेमिक' कुठून आणणार?

यांचं आजचं सगळ्यात चांगलं काम कुठे असेल तर ते शॉर्ट्समध्ये. म्हणजे अमेरिकेतल्या शाळा-कारखान्यांसाठी काढलेल्या दहापंधरा मिनिटांच्या जुन्या बोधप्रद फिती. ताठ मानेने उपदेश करणारे निवेदक, गुळगुळीत केसांची आज्ञाधारक मुलं. विनोदाचा मागमूस नाही. मला त्यातली 'शेक हँड्स विथ डेंजर' सगळ्यात प्रिय आहे, आणि त्याचं कारण माझी नोकरी.

मी तुर्भे-रबाळे पट्ट्यातल्या एका कारखान्यात आहे, सेफ्टी माझ्याकडे. दर ४ मार्चला, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, आम्ही शपथ घेतो, बिल्ले लावतो आणि कँटीनमध्ये फीत दाखवतो. ज्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या स्थापनेचा हा दिवस, तिचं मुख्यालय इथेच बेलापूरला, त्यामुळे नवी मुंबईत या दिवसाला जरा घरचं कार्य असल्यासारखी कळा असते. 'शेक हँड्स विथ डेंजर' ही अशीच फीत, कॅटरपिलर कंपनीसाठी १९८० मध्ये काढलेली. अवजड यंत्रांवरचे कामगार एकामागून एक हलगर्जीपणा करतात, आणि प्रत्येक अपघातावर पाठीमागे एक गायक गिटारवर दर्दभरं गाणं म्हणतो. तिघांना वेगळं काही करायची गरजच पडत नाही, फक्त त्या गाण्याच्या मध्ये येत राहायचं. आणि सेफ्टीवाला म्हणून सांगतो, मुळात फीत उत्तम आहे. टर उडवूनही कुठला माणूस कुठे चुकला ते डोक्यात पक्कं बसतं. आमच्या कँटीनमधली मागची रांग ४ मार्चला जे हळू आवाजात करते तेच हे तिघं पगार घेऊन करतात. मी त्या रांगेला कधी गप्प करत नाही, कारण शेरा मारायचा तर फितीकडे बघावं लागतं.

वाशीच्या मित्राचं एक म्हणणं मात्र शंभर टक्के मान्य. काही सवयी खरंच घासून गुळगुळीत झाल्यात. पडद्यावर माणूस दिसला की तो कुणासारखा दिसतो हा जोक. जाडा असेल तर त्याच्या जाडेपणावर दोन. मर्फीने पार्श्वसंगीतावर शब्द रचून गाणं, हे पहिल्यांदा भारी वाटतं, सलग तिसऱ्या सिनेमात आपणच आधी गुणगुणायला लागतो. जुन्या कार्यक्रमात मध्येमध्ये सिनेमा थांबवून यानातले छोटे प्रसंग असत, त्यामुळे श्वास घ्यायला जागा मिळे आणि सवयी इतक्या टोचत नसत. इथे नव्वद मिनिटं नुसता मारा. त्यात आपण ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत कानात बोळे घालून एकट्याने रोज एक संपवणार, मग जोक आधीच ओळखू येणार नाही तर काय. ही चारचौघांत बसून, एकमेकांच्या अंगावर शेंगदाणे फेकत बघायची गोष्ट आहे. प्रवासात बघायचंच असेल तर शॉर्ट बघा, ठाण्याला सुरू केलेला कोपरखैरण्याच्या आत संपतो.

अमेरिकन संदर्भ कळत नाहीत ही तक्रारही कुणीतरी केली होती. नाही कळत, सोडून द्यायचे. पुढचा शेरा पाचव्या सेकंदाला येतो. घणसोलीच्या मित्रा, "बघू नका" हे उत्तर नव्हे. ज्याला प्रेम नाही तो एवढी लांब तक्रार टंकत बसत नाही.

तर वाशीकर, तुमच्यासाठी क्रम असा: यूट्यूबवर त्यांच्या अधिकृत चॅनलवर आधी दोनचार शॉर्ट्स, मग 'मॅनोस'चे दोन्ही अवतार, मग 'बर्डेमिक'. मध्ये आठवड्याभराचं अंतर ठेवा. त्यानंतरही शिळं वाटलं तर इथे येऊन लिहा, मी वाद घालणार नाही. पुढच्या बैठकीला पाचपाखाडीला आलात तर उत्तमच, टीव्ही मोठा आहे. फक्त कुणी 'शार्कनेडो' सुचवलाच, तर त्या शनिवारी मी डोंबिवलीला सासुरवाडीला आहे असं समजा.