मागच्या शीटमधली माणसं

बाळ,

रविवारी तू उठलीस तेव्हा माझं बोलणं अर्धंच राहिलं. तुला पुण्याची सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची होती आणि तुझी आई फोनवर फोन करत होती. मला काही झोप लागेना, म्हणून मोबाईलवरच टाइप करतोय, चुका असतील त्या पोटात घाल.

मला नीट कळलंय का बघ. शस्त्र परवान्याच्या अर्जांचे आकडे लोकांना दिसावेत म्हणून तुमची कंपनी एका खात्याला डॅशबोर्ड करून देतेय. तालुकावार किती अर्ज, किती मंजूर, किती नामंजूर. आणि चार्टच्या मागे तुम्ही अख्खी शीट जोडलीय, नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं, कारण तशी जोडली की चार्ट आपोआप अपडेट होतो. तुझा सीनियर म्हणतो वरून काही दिसत नाही, लाँच तोंडावर आहे, आता खोडा घालू नको. तुझं प्रोबेशन अजून संपलेलं नाही. आणि तू मला विचारलंस, काका, दिसत नसेल तर चालेल ना?

नाही चालणार. अर्ज अर्जदाराचा असतो. तो ना खात्याचा, ना तुमच्या कंपनीचा, ना तुझ्या सीनियरचा. त्या माणसाने तो एका कामासाठी दिलाय, तेवढ्यापुरता आपण सांभाळायचा.

तू तो फॉर्म कधी पूर्ण वाचलायस का? मी नोकरीत शेकड्याने वाचलेत. १९५९ चा शस्त्र कायदा, आणि २०१६ चे नियम आल्यापासून तो फॉर्म आणखी लांबला. राहता पत्ता, कायमचा पत्ता, आधी कुठला गुन्हा, शरीर-मनाच्या तब्येतीचा डॉक्टरचा दाखला, बंदूक घरात कुठे आणि कशी सुरक्षित ठेवणार तेही. आणि परवाना कशासाठी हवा. लोकांना वाटतं ही बंदुकांची यादी. अगं, त्या 'कशासाठी' समोर माणूस आपली भीती लिहितो. रात्री रानात पाण्याची पाळी असते, रोकड घेऊन बँकेत जावं लागतं, अमक्यापासून जिवाला धोका आहे. बायकोला सांगितलं नसेल ते सरकारला सांगितलेलं असतं, का, तर सरकार कुणाला सांगणार नाही असा भरवसा. परवाना द्यायचा की नाही ते अधिकारी ठरवेल, सगळ्यांना देऊही नये, मला स्वतःला घरात बंदूक असलेली आवडत नाही. पण नामंजूर झालेल्या अर्जातली भीतीसुद्धा त्या माणसाचीच.

'दिसत नाही' म्हणून काय होतं ते कॅलिफोर्नियात झालंय. २७ जून २०२२. तिथल्या राज्याच्या न्याय विभागाने मोठ्या कौतुकाने बंदुकांच्या आकड्यांचा डॅशबोर्ड लोकांसाठी खुला केला, आणि चार्टच्या मागची फाईल कुणालाही डाउनलोड करता येत होती. २०११ ते २०२१ मध्ये बंदूक सोबत बाळगायच्या परवान्यासाठी अर्ज केलेले साधारण १,९२,००० लोक. नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता, गुन्ह्यांची माहिती. दुसऱ्या दिवशी पान बंद केलं, म्हणजे एक दिवससुद्धा उघडं नव्हतं, तेवढ्यात ५०७ वेगवेगळ्या आयपी पत्त्यांवरून, म्हणजे इंटरनेटच्या वेगवेगळ्या जोडण्यांवरून, २,७३४ वेळा ती माहिती उतरवली गेली. पुढे बाहेरच्या वकिलांच्या फर्मकडून चौकशी झाली, नोव्हेंबरात अहवाल आला, त्यात कुणाचा वाईट हेतू सापडला नाही. प्रशिक्षण नव्हतं, तांत्रिक समज कमी पडली, कामात काटेकोरपणा नव्हता, एवढंच. वाईट हेतू नव्हता हे वाचून मला जास्त वाईट वाटलं बघ. चोर असता तर पकडला असता.

त्याआधी न्यूझीलंडमध्येही झालं. ख्राइस्टचर्चच्या हत्याकांडानंतर २०१९ मध्ये सरकार लोकांकडून बंदुका परत घेत होतं, आणि डिसेंबरात, मुदत संपायला तीन आठवडेही राहिले नव्हते तेव्हा, सॉफ्टवेअरच्या एका बदलामुळे बंदूक जमा करणाऱ्यांची माहिती विक्रेत्याला दिसायला लागली, सिस्टीमच बंद करावी लागली. लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून सरकार विनवणी करत होतं आणि नेमकं तेव्हा.

आणि परदेशाचं कशाला, २०१७ साली आपल्याकडे चार सरकारी पोर्टलवर साधारण १३ कोटी आधार नंबर उघडे असल्याचं सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या अहवालात आलं. कुणी कुलूप फोडलं नव्हतं. याद्या आपल्याच लोकांनी चढवल्या होत्या.

आता माझं. हे मी तुझ्या वडिलांनाही कधी सांगितलेलं नाही.

२००४ ची निवडणूक, एप्रिल महिना, सोलापूरचा उन्हाळा तुला सांगायला नको. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं जमा करून घ्यायची गडबड असते, ठाण्याला यादी लागते. मी तेव्हा एका कार्यालयात त्या टेबलावर होतो, कुठल्या ते राहू दे. याद्या हातानेच लिहायच्या, माझं अक्षर चांगलं म्हणून काम माझ्याकडे. परवानाधारक एका कागदावर, अर्ज प्रलंबित असलेले दुसऱ्या कागदावर, आणि शेवटच्या रकान्यात 'कारण'. साहेबांच्या केबिनमध्ये एक पुढारी बसलेले होते. साहेब म्हणाले, दोन प्रती काढ, एक यांना देऊन टाक. तोंडी.

मी बाहेरच्या दुकानात झेरॉक्सला गेलो. मशीनच्या काचेवर कागद ठेवताना माझ्या मनात आलं, खरंच आलं, की शेवटचा रकाना दुमडावा. एक घडी घातली असती तर तो रकाना आलाच नसता. मागे लाइन होती, लोडशेडिंगची वेळ होत आली होती, दुकानवाला म्हणाला आटपा की ओ. मी घडी घातली नाही.

महिन्याभराने दुपारी दोनच्या सुमाराला एक शेतकरी आला. गाव सांगत नाही, ते त्याचं आहे. पैरणीच्या खिशातून चार घड्यांचा तोच झेरॉक्स काढला, टेबलावर पसरला आणि त्याच्या नावापुढच्या ओळीवर बोट ठेवलं. 'भावकीकडून जिवास धोका, बांधाचा वाद.' म्हणाला, साहेब, हे अक्षर तुमचंच न्हवं? पारावर भावकीने सगळ्यांपुढं वाचून दाखवलं होतं. ओरडला नाही, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, "मी हे तुम्हाला लिहून दिलतं, गावाला नाही." मग दुसरा कागद काढला, माझा कोणाशीही वाद नाही, मला परवान्याची गरज नाही, अर्ज मागे घेतो. मी त्यावर शिक्का मारला आणि आवक नंबर टाकला. पाणीसुद्धा विचारलं नाही. तो झेरॉक्स तो तसाच टेबलावर सोडून गेला.

तू म्हणशील काकांनी तेव्हा 'नाही' का म्हटलं नाही. म्हण, तुझा हक्क आहे. पण साहेबांना नाही म्हणणारा कारकून मी तोवर पाहिला नव्हता, मोठीच्या लग्नासाठी सोसायटीचं कर्ज काढलेलं होतं, आणि ती यादी पुढे पारापर्यंत जाईल हे मला कुठं ठाऊक होतं? पण रकाना दुमडायला कर्ज आड येत नव्हतं. साहेबांनी 'कारण पण दे' असं म्हटलंच नव्हतं. त्यांच्या तोंडी हुकमातही माझ्यापुरती एक घडी शिल्लक होती.

त्यानंतर २०१५ ला रिटायर होईपर्यंत माझ्या टेबलावरून एकही यादी तोंडी सांगण्यावर गेली नाही. लेखी द्या, कशासाठी हवी ते लिहा, आणि त्या कामाला लागणारेच रकाने मिळतील. करमाळ्याला बदली झाली, प्रमोशन लांबलं, तुझी काकू म्हणायची जग कुठं चाललंय आणि तुम्ही कुठं अडून बसलाय. अडून बसलो होतो, हो. लोक मला हट्टी म्हणतात, म्हणू देत. अर्ज अर्जदाराचा असतो हे ज्याला एकदा टेबलावर बोट ठेवून दाखवलं गेलंय त्याला दुसरं काही सुचत नाही. तो झेरॉक्स अकरा वर्षं माझ्या कपाटात होता. शेवटच्या दिवशी घरी आलो आणि बंबात घातला.

तुझ्याकडे तर कायदा आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पुट्टस्वामी खटला, तुम्हाला शिकवला असेल. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहितीची सुरक्षा राखण्यात कसूर झाली तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. सीनियरला मेल करताना हे लिही, मोठ्या आकड्याने लोक जरा सावरून बसतात. पण उद्या कायदा बदलला तरी तू तेच करायचंस.

आता काय करायचं ते. चार्टच्या मागे अख्खी शीट जोडायचीच नाही. आधी तुमच्याकडे बेरजा करून घ्या, फक्त बेरजांची वेगळी फाईल करा आणि तीच वर चढवा. कॉलम लपवू नको, ती फाईल जन्मालाच कॉलमशिवाय येऊ दे. भाच्याने मला एक्सेलमध्ये दाखवलं, पिव्हट टेबल म्हणजे बेरजांचा तक्ता, त्यातल्या आकड्यावर दोनदा क्लिक केलं की नवीन शीट उघडते आणि त्या आकड्यामागची सगळी माणसं नावानिशी रांगेत उभी राहतात. मी पाहत बसलो. २००४ ला मला दुकानापर्यंत चालत जावं लागलं होतं, हे तर दोन क्लिकमध्ये.

आणि नुसता आकडासुद्धा नाव सांगतो हे विसरू नको. अमुक गाव, महिला, वय पस्तिसच्या आत, अर्ज १. त्या गावात ती कोण हे पारावर बसलेल्या प्रत्येकाला कळतं. असे एक-दोनचे आकडे गावावर दाखवायचे नाहीत, तालुक्यात मिसळायचे. आकडे लोकांना द्यायलाच हवेत हं, किती परवाने वाटले, कुठे वाटले हे विचारायचा जनतेला पूर्ण अधिकार आहे, त्यात मी तुमच्या डॅशबोर्डच्या बाजूने आहे. लाँचच्या आधी लॉगिन न करता, दुसऱ्याच्या फोनवरून ते पान उघड आणि जिथे जिथे डाउनलोड लिहिलंय ते सगळं दाबून बघ. सीनियरला सांग, तुम्ही पण दाबा.

एक गोष्ट लिहू की नको करत होतो. रविवारी चहा पिता पिता तू म्हणालीस, काका तुमच्या ओळखीचे ते अमुक सर आहेत ना, त्यांचाही अर्ज त्यात आहे. सहज म्हणालीस. मला राग आला आणि तुझ्या काकूसमोर मी तो गिळला. बाळ, तुझ्या सीनियरच्या डॅशबोर्डमधून अजून एकही नाव बाहेर गेलेलं नाही, आणि माझ्या ओसरीवर एक नाव येऊन पडलंय. आता ते सर मला सिद्धेश्वरला दर्शनाला भेटले की माझ्या मनात येणार, यांना कसली भीती असेल? हे मला माहीतच असायला नको होतं. मी कुणाला बोलणार नाही. तूही परत नाव घेऊ नको, आईजवळसुद्धा.

रागावलो म्हणून गप्प बसू नको. तुला तो प्रश्न पडला, रात्रभर अस्वस्थ झालीस, मला पंधरा मिनिटं सुद्धा अस्वस्थ व्हायला जमलं नव्हतं. प्रोबेशनचं मला कळतं, घरचा हप्ताही माहितीय. नोकरी गेली तर दुसरी बघू, जुळे सोलापुरातल्या माझ्या एका मित्राचा मुलगा पुण्यात चांगल्या ठिकाणी आहे, त्याच्याशी बोलतो. पण तशी वेळ यायच्या आधी मेल कर, लेखी, तारीख घालून.

मेल पाठवलास की मला फॉरवर्ड करू नको, खाली कुठेतरी ती शीट जोडलेली असेल. फोन कर. मी रात्री अकरापर्यंत जागा असतो.

तुझा,
काका