महापालिकेची शाळा सुधारायची तर पालकांनी सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा की, मुलाला घराजवळच्या महापालिका शाळेत घातलंय, बाई चांगल्या शिकवतात, पण शौचालयात पाणी नाही, दोन वर्गांना शिक्षक नाही आणि कुणी दाद देत नाही. अशा वेळी पालकांनी नगरसेवकाला गाठावं, मोर्चा काढावा की काय करावं? मी मुंबईतल्या एका मराठी माध्यमाच्या महापालिका शाळेत चार वर्षं शाळा व्यवस्थापन समितीवर होते, तेवढ्या अनुभवावरून सांगते.

समितीवर मी आले कशी, तर सही करून. मुलीला आणायला गेले होते, बाईंनी एक वही पुढे केली, "इथे सही करा हं." केली. दुसऱ्या वेळी सही करताना वर वाचलं, तर ती बैठकीच्या इतिवृत्ताची वही, आणि मी उपस्थित सदस्य. बैठक कधी झाली विचारलं तर म्हणाल्या, "झाली ना, काल." बाईंची चूक काढत नाहीये, त्यांनाही कागद पुरे करायचे असतात. पण तुमच्या शाळेतही अशी वही असणारच. मोर्चाच्या आधी ती बघायला मागा.

कारण त्या वहीमागे कायदा आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. आपल्याकडे अध्यक्ष पालकांमधूनच निवडतात आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. कलम 22 नुसार शाळा विकास आराखडा हीच समिती करते, आणि सरकारने किंवा महापालिकेने पैसे द्यायचे ते या आराखड्याच्या आधारावर, असं कायदाच म्हणतो. सोसायटीच्या लेटरहेडवर लिहिलेल्या पत्राला हे वजन नसतं. ते पत्र विनंती म्हणून जातं, समितीचा ठराव मात्र फायलीला लागतो.

आता पाण्याची गोष्ट. आमच्या इमारतीत तीन शाळा भरायच्या, मराठी, हिंदी आणि उर्दू, सकाळ-दुपार अशा दोन अधिवेशनांत. तीन मुख्याध्यापक, गच्चीवरची टाकी एक. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या शौचालयात पाणी यायचं नाही. सहावी-सातवीच्या मुली सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत, घरी येऊन आधी बाथरूमकडे धावायच्या. मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, विचारलं तर तो मजला हिंदी शाळेकडे, हिंदीवाले म्हणायचे मोटर तुमच्या ताब्यात. वर्षभर आम्ही शिक्षण विभागाच्या वॉर्डातल्या कार्यालयात खेटे घातले. मग तिथल्याच एका शिपाईमामांनी सांगितलं, "ताई, इमारतीचं काम इथे नाहीच." मुंबईत शाळांच्या इमारतींची दुरुस्ती बघणारा शाळा पायाभूत सुविधा कक्ष वेगळा आहे. आम्ही वर्षभर चुकीचं दार वाजवत होतो.

पुढचं पत्र तिन्ही शाळांच्या समित्यांनी मिळून दिलं. मजकूर एक, मराठीत. खाली सह्या तीन लिप्यांमध्ये. उर्दू शाळेतल्या बायका जिन्यात रोज दिसायच्या, पण बोलणं पहिल्यांदाच झालं. पत्रात "गैरसोय", "दुरवस्था" असले शब्द काढून टाकले होते. कोणता मजला, किती नळ, त्यातले किती कोरडे, किती मुली, कोणत्या तारखेपासून, एवढंच. मुलांना आणि मुलींना वेगळी शौचालयं आणि पिण्याचं पाणी हे कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलंय, तेही एका ओळीत टाकलं. पोच घेतली, आवक क्रमांक लिहून घेतला. पाणी यायला त्यानंतरही पाच महिने गेले, पण आलं. ही पोच घेण्याची सवय लावून घ्या. तोंडी सांगितलेलं कुणीच ऐकलेलं नसतं.

उत्तर येत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. "शाळेची अवस्था अशी का?" असला प्रश्न त्यात विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर काय कार्यवाही झाली, त्या फायलीवरच्या शेऱ्यांची प्रत द्या, एवढंच मागा. आणि अगदीच अडलं तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 32 आहे. त्याखाली महापालिकेकडे लेखी तक्रार दिली की बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. आमच्यावर तिथवर जायची वेळ आली नाही, पण पत्राच्या शेवटी त्या कलमाचा उल्लेख केल्यावर फोन लवकर आला, हे खरं.

शिक्षकांचं प्रकरण जास्त अवघड, आणि ते नीट समजून घ्या. पदं ठरतात संच मान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे सरकार ठरवतं त्यात, आणि संच मान्यता होते 30 सप्टेंबरच्या पटावर. पहिली ते पाचवी साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवी पस्तीस मुलांमागे एक. म्हणजे शिक्षक नाही म्हणून चार पालकांनी मुलं काढली की पट घसरतो, पट घसरला की पद जातं, मग आणखी मुलं जातात. शाळा अशाच रिकाम्या होतात, एक दिवस टाळं लागतं आणि आपण म्हणतो मराठी शाळा बंद पडली. तेव्हा जून ते सप्टेंबर हे तुमचे महिने. 2022 मध्ये मुंबई महापालिकेने "मिशन अॅडमिशन, एकच लक्ष्य एक लक्ष" म्हणून मोहीम काढली होती, शिक्षक वस्त्यांमधून फिरले. पण बाईंनी दारात येऊन सांगणं आणि शेजारच्या आईने नळावर सांगणं यात फरक पडतो. आम्ही मे महिन्यात चाळीत आणि मागच्या झोपडपट्टीत घरोघर गेलो, बालवाडीतली मुलं शोधली. कितीकांचे आधारचे, जन्मदाखल्याचे घोळ होते, ते सोडवायला सोबत गेलो. त्या वर्षी पट घसरला नाही. वाढला म्हणणार नाही, घसरला नाही.

पट असूनही पद रिकामं असेल तर मंजूर पदं किती, भरलेली किती, हा आकडा मागा आणि ठरावात घाला. शिक्षक निवडणुकीच्या कामाला गेले म्हणून भांडत बसू नका. शिक्षकांना शिकवण्याव्यतिरिक्त कामं देऊ नयेत असं कलम 27 म्हणतं, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं त्या मनाईतून तिथेच वगळलेली आहेत. तेवढ्या दिवसांसाठी वर्ग कोण घेणार, ते लेखी मागा.

नगरसेवकाला भेटा, जरूर भेटा, पण रिकाम्या हाताने नको. महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत मांडतात. तुमची मागणी दिवाळीच्या आसपास गेली पाहिजे, जानेवारीत गेलात तर ताटं वाढून झालेली असतात. पैसा नसतो असंही नाही, मुंबईच्या शिक्षण विभागाचा 2025-26 चा अर्थसंकल्प सुमारे 3,955 कोटींचा होता. आणि केवळ नगरसेवकावर विसंबूही नका. मार्च 2022 मध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकांनीच कारभार पाहिला. ज्यांची सगळी भिस्त साहेबांच्या शब्दावर होती त्यांची पंचाईत झाली. आमच्याकडे निदान आवक क्रमांक होते.

आता थोडं कडू. सोसायटीतली मंडळी मदतीला येतील, पुस्तकं देतील, भिंत रंगवतील, फोटो काढतील. येऊ द्या. पण त्यांची मुलं त्या शाळेत नाहीत, आणि मुख्याध्यापकांना ते ठाऊक असतं. एकदा एका गृहस्थांनी बैठकीत बाईंना सर्वांसमोर शिकवण्याची पद्धत समजावली, तर पुढचे दोन महिने बैठकच झाली नाही. त्यांना कागदाची बाजू सांभाळायला सांगा. पत्र टाइप करणं, अर्थसंकल्पाचं पुस्तक वाचणं, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं जमतं. बोलायचं मात्र शाळेतल्या मुलांच्या आयांनी.

आणि त्या आया बोलत नाहीत याचं कारण अडाणीपणा नाही. एक तर बैठक सकाळी अकराला, म्हणजे कामावर खाडा. आम्ही शनिवारी ठेवायला लावली तर निम्म्याहून जास्त आल्या. दुसरं म्हणजे भीती, बाई राग माझ्या पोरावर काढतील ही. ती खोटी नाही. म्हणून तक्रार एकीच्या नावाने कधीही करू नका. ठराव समितीचा, सही सगळ्यांची. आणि बाईंना आधी विश्वासात घ्या. रिकाम्या पदाचा सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच होतो, फक्त नोकरीमुळे त्यांना वर लिहिता येत नाही. आमच्या मोठ्या बाईंनी एका पत्रातली व्याकरणाची चूक स्वतः दुरुस्त करून दिली होती, वर म्हणाल्या, "मी हे पाहिलेलं नाही."

माझी मुलगी यंदा त्या शाळेतून बाहेर पडली. मूल शाळेत नाही म्हणजे मीही समितीतून बाद. चार वर्षांच्या पोचपावत्या, अर्जांच्या प्रती आणि कोणत्या कामाला कोणतं कार्यालय याची यादी एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून दुसरीतल्या एका मुलाच्या आईला दिली. तिने पहिला प्रश्न विचारला, "ताई, मुलांना वाढण्याआधी शाळेतली खिचडी चाखून सही करायची वही असते म्हणतात, ती कुठे असते?" मला चार वर्षांत ती मागायचं सुचलं नव्हतं.