देवचार: वेशीवरचा की नरकातला?

प्रश्न असा: "फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणात 'देवचार' हा शब्द सैतानासाठी येतो. आमच्या सिंधुदुर्गात तर देवचाराला नारळ देतात, गाऱ्हाणं घालतात. पाद्रीबाबांना शब्द कळला नव्हता का?"

चांगलाच कळला होता. (स्टीफन्स म्हणजे गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट पाद्री, आणि ख्रिस्तपुराण म्हणजे बायबलची कथा सांगणारं त्यांचं मराठी काव्य.) शब्दाला दोन अंगं आधीपासून होती, त्यांनी त्यातलं एक उचललं.

दक्षिण कोकणात आणि गोव्यात देवचार म्हणजे गावाच्या सीमेवर वावरणारा राखणदार. हातात काठी, खांद्यावर कांबळं, रात्री गावाची फेरी. त्याला रोट, नारळ, कोंबडा, विडी, दारू असं काहीही चालतं. 'व्हय म्हाराजा'च्या तालावर गाऱ्हाणं घालताना त्याचीही आठवण ठेवावी लागते. पण कोकणातल्या भुताखेतांच्या जुन्या याद्या काढल्या, तर तिथेही देवचार आहेच: लग्नानंतर मेलेल्या शूद्राचं भूत, गावाच्या चारी बाजूंना राहणारं, ज्याला दरवर्षी नारळ, केळी, साखर, कोंबडा-बकरा देऊन शांत करायचं. म्हणजे मान ठेवला तर राखण, विसरलात तर बाधा. जाखाई-जोखाईसारखी ही मंडळी देव आणि भूत यांच्या मधल्या पायरीवर बसलेली असतात. ख्रिस्ती धर्मविचारात ही मधली पायरीच नाही. तिथे परमेश्वराच्या बाजूचं नसेल ते विरुद्ध बाजूचं. त्यामुळे देवचाराला एकीकडे ढकलणं भागच होतं.

त्यात लॅटिन बायबलचा आधार आयता हाताशी होता. स्तोत्रसंहितेच्या लॅटिन पाठात 'राष्ट्रांचे सगळे देव म्हणजे भुतं' अशा अर्थाचं वचन आहे (तिथल्या क्रमांकानुसार ९५:५, आपल्या मराठी बायबलात ९६:५, आणि तिथे भुतांऐवजी मूर्ती). हे वचन पाठ असलेल्या माणसाला 'देव' पोटात घेऊन बसलेला आणि तरीही लोक ज्याला भितात असा शब्द सापडला, तर तो सोडेल कशाला?

आता गंमत पाहा. हेच स्टीफन्स स्वर्गासाठी सरळ 'वैकुंठ' लिहितात. ग्रंथाची सुरुवात अशी: 'ओं नमो विश्वभरिता । देवा बापा सर्वसमर्था । परमेश्वरा सत्यवंता । स्वर्गपृथ्वीच्या रचणारा ॥' ज्ञानेश्वरीची 'ॐ नमो जी आद्या' ही सुरुवात कानात असल्याशिवाय अशी ओवी होत नाही. पुढच्याच ओव्यांत हा देवबाप 'निर्लेप', 'निर्विकार', 'विश्वव्यापकु' आहे. ही विशेषणं थेट वेदान्ताच्या घरातली. ग्रंथाचं नाव पुराण, छंद ओवी. आरंभी एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतोच की आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग मनोरंजनाला आणि वाचायला दुसरं काही तरी द्या.

म्हणजे विष्णूचं वैकुंठ चाललं, वेशीवरचा देवचार चालला नाही. असं का? माझं मत असं: पोथीतले शब्द तोवर साहित्याचे झाले होते, त्यांतला विष्णू काढून आत दुसरा देव बसवता येत होता. देवचाराला मात्र गोव्यातल्या साष्टी भागातल्या गावांत प्रत्यक्ष कोंबडा मिळत होता. साष्टीतली देवळं १५६७ मध्ये पाडली गेली. स्टीफन्स गोव्यात उतरले १५७९ मध्ये, म्हणजे त्यांच्या पुढ्यात देवळाविना उरलेला गाव होता. आणि देवळाविना टिकतो तो देवचारच. त्याला झाड पुरतं, पाणंदीचं वळण पुरतं. खरा प्रतिस्पर्धी तो होता. 'यमा'चं मात्र काम सोपं झालं: नरकासाठी यमकुंडावरून आलेला 'येमकोंड' हा शब्द कोकणी ख्रिस्ती बोलीत अजून चालतो.

जिथे स्थानिक शब्दाने अर्थ बिघडेल असं वाटलं तिथे त्यांनी तो घेतलाच नाही. पवित्र आत्म्याला 'स्पिरितु सांतु', बाप्तिस्म्यालाही पोर्तुगीज शब्द. तेव्हा सरसकट 'हिंदू शब्दांत ख्रिस्ती धर्म' असं म्हणणं ढोबळ आहे. प्रत्येक शब्द पारखून घेतलेला आहे. प्रस्तावनेत त्यांनी भाषेचा हिशोबही दिला आहे: शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवीश्वरांचे अवघड शब्द टाकून 'ब्राह्मणांचे भासे'तले, म्हणजे कोकणीतले, सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळले. देवचार हा असाच घरातला, पोरासोरांना कळणारा शब्द.

मराठी बायबलने पुढे वेगळी वाट धरली. तिथे 'सैतान', जुन्या भाषांतरांत ग्रीकवरून आलेला 'दियाबल', आणि वैकुंठाऐवजी 'स्वर्ग'. त्यामुळे मराठी ख्रिस्ती माणसाला देवचार हा शब्द परका वाटतो. गोव्यातल्या आणि मंगळूरच्या ख्रिस्ती माणसाला तो सैतानच वाटतो. मालवणच्या हिंदूला राखणदार. भाषांतर करताना कोण बोलतंय ते पाहून शब्द ठरवा. कॅथलिक प्रार्थनेतल्या देवचाराचं 'ग्रामदेवता' करून ठेवलं तर सगळा अर्थ उलटा होईल.

मूळ ग्रंथ चाळायचा तर एक सावधगिरी. १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला तो रोमन लिपीत छापला. नागरीसाठी अक्षरांचे सहाशेच्या आसपास साचे लागतील आणि युरोपात चोवीस पुरतात, अशी अडचण स्टीफन्सनी १६०८ च्या पत्रात मांडली होती. त्या रोमन लेखनात 'व'साठी बऱ्याचदा 'यू' येतो आणि 'श'साठी 'एक्स'. व्यंजन दोनदा लिहिलं असेल तर ते मूर्धन्य, म्हणजे जीभ वर वळवून म्हणायचं, समजायचं: दोन 'एन' म्हणजे ण, दोन 'डी' म्हणजे ड. 'एक्स' पाहून 'क्ष' वाचणारे 'शास्त्रा'चं 'क्षास्त्र' करतात, आणि देवचारातला 'यू' तसाच वाचला की 'देउआचार' नावाचा नवाच प्राणी तयार होतो. सल्डान्यांची १९०७ ची मंगळूर आवृत्ती रोमनच आहे. नागरीत वाचायचं असेल तर बंडेलूंची १९५६ ची किंवा द्रागोंची १९९६ ची घ्या. दुसरीत सोबत आजच्या मराठीतला गद्य अनुवादही आहे.