संकटात 'आनंद माना' म्हणतात, पण मला राग येतो. माझा विश्वास कमी पडतोय का?

तुम्ही लिहिलंय की वर्षभर नोकरी नाही, घरात आजारपण आहे, आणि मंडळीतलं कुणी 'प्रभूमध्ये आनंद करा' म्हणालं की डोकं फिरतं. त्यात विश्वास कमी पडल्यासारखं मला काही दिसत नाही. माझंही फिरायचं.

माझ्या पप्पांचं डायलिसिस तीन वर्षं चाललं. मंगळवारी आणि शुक्रवारी, चार-चार तास. दिवसाला पाणी एक लिटरच्या आत, चहासुद्धा त्यातच धरायचा. पप्पांनी बाटलीवर मार्करनं रेघा मारल्या होत्या: न्याहारी, जेवण, संध्याकाळ, रात्रीच्या गोळ्या. मे महिन्यात संध्याकाळची रेघ दुपारी दोनलाच ओलांडलेली असायची. एकदा भेटायला आलेले एक जण म्हणाले, "परीक्षा आहे भाऊ, आनंद माना." पप्पांनी मान डोलावली. ते गृहस्थ जिना उतरून गेल्यावर पप्पा म्हणाले, "याला एक दिवस माझी बाटली द्यायला पाहिजे."

ते वचन बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं, 1:2. शब्द नीट बघा: आनंद 'माना'. वाटणं आपल्या हातात नसतं, मानणं थोडंफार असतं. मूळ ग्रीक क्रियापदही 'समजणं, गणणं' याच अर्थाचं आहे. पुढच्याच ओळीत धीर येतो आणि त्याचा मूळ शब्द आहे हुपोमोने, म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणं. ओझं हलकं आहे, असं याकोब कुठंच म्हणत नाही.

प्रेषित पौलाचंही तसंच. "सर्वदा आनंद करा" हे फिलिप्पैकरांस पत्रातलं 4:4 सगळ्यांना पाठ असतं, आणि ते त्यानं कैदेतून लिहिलं हेही. पण त्याच पत्रात 2:27 ला तो सांगतो की त्याचा सहकारी एपफ्रदीत मरायला टेकला होता, देवानं त्याला वाचवलं, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. हे वचन कॅलेंडरवर छापलेलं मी अजून पाहिलं नाही. स्तोत्र 88 तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तक्रारच आहे आणि संपतंही अंधारातच. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी देतो ते याचसाठी. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली, भाऊ 1880 मध्ये, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा 1882 मध्ये. बाप्तिस्मा 1883 चा. म्हणजे ख्रिस्ती झाल्यावर तरी दुःख थांबायला हवं होतं, नाही का? जुलै 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तेव्हा रमाबाई केडगावला बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. कानांनी नीट ऐकू येत नव्हतं. काम सोडलं नाही, आणि 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. त्या काळात त्या हसतमुख होत्या की नाही, हा प्रश्नच मला गौण वाटतो.

आनंद आम्हाला मिळाला, पण भलत्याच ठिकाणी. पप्पांच्या शेजारच्या खाटेवर श्रीगोंद्याकडचे एक माळकरी शेतकरी असायचे. दोघांचं कांद्याच्या भावावरून जुंपायचं, इतकं की नर्स ओरडायची. मशीन लावायच्या आधी पप्पा दोघांसाठी प्रार्थना करायचे. पप्पांचं 'आमेन' झालं की पलीकडून 'रामकृष्णहरी' यायचं. घरी पाण्यावरून चिडणारा माणूस तिथं चार तास मजेत असायचा.

तुम्ही राग आला की तो प्रार्थनेतच बोलून टाका, शब्द सुचले नाहीत तर 88 वं स्तोत्र मोठ्यानं वाचा. आणि पाळकसाहेबांना सरळ सांगा, घरी वचन सांगायला माणसं पाठवू नका, डबा पाठवा. आमच्याकडे महिला मंडळानं मंगळवार-शुक्रवार वाटून घेतले होते. पप्पांची कमी मिठाची भाजी वेगळ्या डबीत यायची, झाकणाला पांढरा दोरा बांधून, म्हणजे चुकून आम्ही खाऊ नये.