मर्मर ऐकू आला, म्हणजे छिद्र असतंच का?

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. तापासाठी दाखवायला नेलं, तर डॉक्टर म्हणाले, ‘हृदयात मर्मर आहे, ताप उतरला की परत आणा.’ इको (हृदयाची सोनोग्राफी) आधीच करून घ्यावा का? माझ्या बहिणीच्या बाळाला दीड महिन्यानं हृदयात छिद्र निघालं. जन्मल्यावर कसं कळलं नाही?
— एक वाचक, सक्करदरा, नागपूर

उत्तर : थांबा. मर्मर हा आजार नव्हे, रक्त वाहण्याचा आवाज आहे. ३ ते ७ वर्षांच्या कितीतरी धडधाकट मुलांत तो सापडतो आणि तापात वाढतो. असा निरुपद्रवी मर्मर मऊ असतो. मूल उताणं असताना स्पष्ट, उभं केलं की कमी. आवाज खरखरीत असेल, छातीवर हात ठेवल्यावर थरथर लागत असेल किंवा जांघेतली नाडी क्षीण असेल, तर मात्र इको हवाच. हिमोग्लोबिन पाहून घ्या. रक्त कमी असलं तरी मर्मर येतो. आपल्या विदर्भात तर सोबत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणीही करावी.

आता बहिणीचं बाळ. छिद्र हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला असेल, तर उशीर समजण्यासारखा आहे. जन्मल्यावर काही दिवस फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब चढाच असतो, म्हणून छिद्रातून फारसं रक्त जात नाही आणि आवाजही होत नाही. पुढच्या काही आठवड्यांत दाब उतरतो, मग मर्मर उमटतो. आवाज मोठा म्हणजे छिद्र मोठं, हा समज साफ चुकीचा. बारीक छिद्रच बरेचदा जास्त गाजतं, आणि तेच बहुधा आपोआप बुजतं.

घरी लक्ष ठेवायचं ते वजनावर आणि श्वासावर. बाळ शांत झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, त्यानंतर वर्षापर्यंत ५० किंवा जास्त भरले, तर डॉक्टरांना दाखवा. दूध पिताना धाप लागून मध्येच सोडणं, कपाळावर घाम येणं, वजन न वाढणं हीही लक्षणं. (मे महिन्यात नागपुरात घाम कुणाला येत नाही? पण कूलरसमोर दूध पितानाही कपाळ भिजत असेल, तर तो उकाड्याचा नव्हे.) गारठ्यानं हातपाय निळसर होतात, त्याचं एवढं नाही, जीभ-ओठ निळे पडले तर तडक रुग्णालय गाठा.

खर्चाची धास्ती असेल तर अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची चौकशी करा. ते वर्षातून दोनदा येतं. जन्मजात हृदयदोषाचे उपचार या कार्यक्रमातून मोफत होतात. जाताना इकोचा अहवाल आणि बाळाच्या वजनाच्या नोंदी सोबत ठेवा.