वाचक विचारतात: बर्बनच्या पिंपात मुरलेली बेल्जियन बिअर

या वेळची बरीच पत्रं एकाच बिअरबद्दल आहेत: बेल्जियन पद्धतीची गडद, कडक एल, जी बर्बन व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपात काही महिने मुरवलेली असते. त्यातल्या निवडक पत्रांना ही उत्तरं.

पुतण्यानं बेल्जियमहून 330 मिलीच्या तीन बाटल्या आणल्या. लेबलवर ‘बर्बन पिंपात मुरवलेली, 11 टक्के’ असं आहे. पहिली बर्फगार करून स्टीलच्या ग्लासात ओतली, तर नुसती गोड आणि कडसर लागली. उरलेल्या दोन नीट चाखायच्या कशा?
— एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

बाटलीत दोष नाही, ती फार गार होती. 4 अंशांवर या बिअरचा वास बाहेरच येत नाही, आणि तिची सगळी मजा वासात आहे. साधी लागर, म्हणजे नेहमीची फिकी बिअर, तहान भागवायला गार प्यावी. ही बिअर ओतताना 10 ते 12 अंशांवर असावी आणि ग्लासात हळूहळू 15-16 पर्यंत चढावी. 18 च्या वर गेली की अल्कोहोलचा झणका बाकी सगळं झाकून टाकतो.

फ्रीजमधून काढल्यावर डिसेंबरात अर्धा तास थांबा. मे महिन्यात दहा मिनिटं पुरतात. दूध संकलन केंद्रावर वापरतात तसला थर्मामीटर मिळाला तर अंदाजावर राहायची गरज नाही. वीज गेली असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घाला. त्यात बाटली गळ्यापर्यंत बुडवली की पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवू नका. पाणी बाटलीला सगळीकडून भिडतं म्हणून ती लवकर गार होते. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर बाटली फुटेल. ओलं गोणपाट गुंडाळून वाऱ्यात ठेवल्यावर आपल्या कोरड्या उन्हाळ्यात बाटली पंचवीसच्या आसपास येते. ते पुरेसं नाही, पण बर्फ कमी लागतो.

ग्लास काचेचाच घ्या, पोट रुंद आणि तोंड अरुंद असलेला. ब्रँडीचा ग्लास उत्तम. तो नसेल तर मधाची छोटी काचेची बरणी चालेल, मात्र झाकण बाजूला टाका, कारण वास झाकणात राहतो. स्टीलच्या ग्लासात रंग दिसत नाही आणि रुंद तोंडातून वास उडून जातो.

आता चाखणं. एका वेळी 75 ते 90 मिलीच ओता. ग्लास उजेडासमोर धरा: गडद तपकिरी, कडेला लालसर झाक. मग तोंड किंचित उघडं ठेवून दोन-तीन छोटे हुंगे घ्या. नाक ग्लासात खुपसून लांब श्वास घेतलात तर अल्कोहोलनं नाक बधिर होतं आणि पुढची पाच मिनिटं वाया जातात. पहिला घोट फक्त तोंडाला सवय व्हावी म्हणून घ्या, त्यावरून मत बनवू नका. दुसरा घोट साधारण दोन चमचे घ्या, जिभेवरून फिरवा, गिळा, आणि गिळल्यावर नाकातून श्वास सोडा. लाकूड आणि बर्बन इथंच कळतात. मग ग्लास ठेवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा हुंगा. तेव्हा व्हॅनिला आणि खोबरं वर आलेलं असेल. तोच ग्लास दोन वेगळ्या तापमानांना चाखणं हा या बिअरचा खरा अभ्यास आहे.

मधे साधं पाणी प्या. आणि खर्रा! चाखण्याआधी किमान दोन तास खर्रा, पान, गुटखा काही नको. तंबाखू आणि चुन्यानं जीभ बोथट होते, सुपारीचा तुरटपणा तोंडात रेंगाळतो, आणि मग तो लाकडातून आलाय असं वाटतं.

प्रमाणाचं भान ठेवा. 11 टक्क्यांच्या 330 मिलीत 36 मिली शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीचे सुमारे 85 मिली. 5 टक्क्यांच्या 650 मिली बाटलीपेक्षाही हे जास्तच. छोटी बाटली बघून फसू नका; एक बाटली तिघांत पुरते, आणि नंतर मोटारसायकलला किक मारायची नाही.

मनुका, अंजीर, व्हॅनिला, ओक असं काय काय लिहिलेलं वाचतो, पण आम्हाला ते ओळखू येत नाही. नाक तयार कसं करायचं?
— एक वाचक, धारणी (जि. अमरावती)

मेळघाटातल्या माणसाचं नाक तयारच असतं, फक्त वासाला नाव जोडायचं राहिलेलं असतं. झाकणाच्या सहा वाट्या मांडा. पहिलीत दहा-बारा वाळलेली मोहफुलं आणि चमचाभर कोमट पाणी. दुसरीत मनुका आणि बिब्ब्याची वाळलेली फुलं. तिसरीत चमचाभर काकवी. चौथीत दोन ठेचलेल्या लवंगा. पाचवीत तव्यावर हलकं भाजलेलं सुकं खोबरं. सहावीत अर्धी वाटी पाणी आणि व्हॅनिला इसेन्सचे दोन थेंब. पंधरा मिनिटं झाकून ठेवा, एकेक हुंगा आणि मग बिअरकडे या.

यातलं काय कुठून येतं हे समजलं की चाखणं सोपं होतं. मनुका, मोहफूल, काकवी हे मूळ बिअरचं, म्हणजे गडद माल्टचं (मोड आणून भाजलेल्या धान्याचं) आणि बेल्जियन ब्रूअर, म्हणजे बिअर बनवणारे, वापरतात त्या गडद कँडी साखरेच्या पाकाचं. पिकलेल्या केळ्याचा वास यीस्टचा. आयसोअमाइल अॅसिटेट नावाचं द्रव्य केळ्यातही असतं आणि हे यीस्टही तेच तयार करतं. व्हॅनिला आणि खोबरं अमेरिकन पांढऱ्या ओकचं. जळकट, कॅरमलसारखा वास पिंपाच्या आतल्या जाळलेल्या थराचा. अमेरिकन कायद्यानं बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते आणि तिच्या धान्यात किमान 51 टक्के मका लागतो. एकदा वापरलेलं पिंप पुन्हा बर्बनसाठी चालत नाही, म्हणून अशी सुमारे 200 लिटरची पिंपं बिअरवाल्यांना सहज मिळतात. लाकडात शोषलेली बर्बन बिअरमध्ये उतरते आणि बिअरमधलं अल्कोहोल टक्का-दीड टक्का वाढतं.

लवंगेपाशी गल्लत होते, कारण ती दोन्हीकडून येते. यीस्टमधून येते ती केळ्याच्या जोडीनं, पहिल्या हुंग्यालाच. लाकडात युजेनॉल असतं, म्हणजे आपल्या लवंगेतलं मूळ द्रव्य. ती लवंग बहुधा गिळल्यावर, कोरडेपणासोबत जाणवते. हा फरक पहिल्या खेपेला सापडला नाही तरी हरकत नाही.

जमलं तर आधी पिंपात न मुरवलेली त्याच घराण्यातली एखादी बिअर चाखा: शिमे ब्लू (9 टक्के) किंवा रोशफोर 10 (11.3 टक्के), दोन्ही बेल्जियन मठांतल्या. पाया ओळखीचा झाला की पिंपानं काय भर घातली ते वेगळं काढता येतं.

बाटली मार्चपासून माळ्यावर होती, वर टिन. जूनमध्ये उघडली तर ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. अशी बिअर वर्षानुवर्षं टिकते म्हणतात, मग हे कसं झालं?
— एक वाचक, बाळापूर (जि. अकोला)

टिकते, पण युरोपातल्या 10-12 अंशांच्या तळघरात. तापमान 10 अंशांनी चढलं की बिअर शिळी व्हायचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. 10 वरून 40 म्हणजे तीनदा दुप्पट, आठपट. टिनाखालचे तीन महिने म्हणजे तळघरातली दोन वर्षं, आणि तीही वाईट प्रकारे काढलेली. ओला पुठ्ठा ही ऑक्सिजन आणि उष्णतेची खूण. गरमीत बाटलीतलं यीस्टही मरून फुटतं आणि सोया सॉससारखी खारट चव येते. सावकाश मुरताना येणारी शेरीसारखी, सुक्या मेव्याची चव या बिअरला शोभते. ती हवी असेल तर थंडावा लागतोच.

मार्च ते जून बाटली फ्रीजमध्येच, खालच्या कप्प्यात, उभी. फ्रीजच्या दारात नको, तिथं दर वेळी हिंदकळते. आडवी ठेवली तर हवेशी जास्त पृष्ठभाग येतो आणि गाळ कडेला चिकटतो. बाटली धान्याच्या कोठीत पुरावी का, असंही तुम्ही विचारलंय. धान्यानं दिवस-रात्रीचा चढउतार कमी होतो, सरासरी मात्र तीच राहते, आणि मे महिन्यातली आपल्याकडची सरासरीच घातक आहे. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत जाड मातीच्या भिंतीची, उत्तरेकडची अंधारी खोली चालेल. उजेड टाळाच, हॉप्समधल्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधल्या) द्रव्यांवर ऊन पडलं की उग्र, कुबट वास सुटतो. तपकिरी काच बराच बचाव करते, हिरवी जवळपास नाहीच.

फेस अजिबात आला नाही. बाटली खराब होती का?
— एक वाचक, तुमसर (जि. भंडारा)

बहुधा ग्लास तेलकट होता. ग्लास आतून ओला करून उपडा करा. पाण्याचा पातळ सलग पडदा राहिला तर स्वच्छ, थेंब तुटून चिकटले तर तेलकट. खायच्या सोड्यानं घासा, भरपूर पाण्यानं धुवा आणि उपडा निथळू द्या. फडक्यानं पुसलात की तेल परत लागलंच. ग्लास स्वच्छ असूनही फेस कमी असेल तर तो या प्रकाराचा स्वभाव आहे. पिंपात बिअरचा वायू उडून जातो, बाटलीत भरताना पुन्हा यीस्ट आणि थोडी साखर घालून तो तयार करतात, आणि एवढ्या अल्कोहोलमध्ये यीस्ट दमतं. तळाचा गाळ हा त्याच यीस्टचा. बाटली एक दिवस उभी ठेवा, एका सलग धारेनं ओता आणि तळाचं बोटभर सोडून द्या. गाळ अपायकारक नाही, पण चव मातकट करतो.

नेलपॉलिशसारखा वास आला, शिवाय किंचित आंबट. हे पिंपाचं वैशिष्ट्य की दोष?
— एक वाचक, काटोल (जि. नागपूर)

किती आला त्यावर ठरतं. पिंपात लाकडातून हवा शिरते. त्या हवेवर अॅसिटिक जिवाणू अल्कोहोलचं व्हिनेगर करतात, आणि त्याच आम्लापासून एथिल अॅसिटेट होतं, तो नेलपॉलिशचा वास. अगदी मागे, एखाद्या हुंग्यात आला तर सोडून द्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच राहिला तर पिंप बिघडलेलं होतं. चमचाभर व्हिनेगर अर्ध्या कपभर पाण्यात घालून शेजारी ठेवा आणि ताडून बघा. गोठ्याचा किंवा घामेजलेल्या चामड्याचा वास आला तर ते ब्रेटानोमायसिस नावाचं रानटी यीस्ट. काही ब्रूअर ते मुद्दाम घालतात. लेबलवर तसं काही नसेल तर शिरकाव झालाय समजा. कच्च्या टेंभराएवढी जीभ ओढली गेली तर बिअर पिंपात गरजेपेक्षा जास्त राहिली. उघडताच कारंजं उडालं आणि चव पातळ, आंबट लागली तर बाटलीतच जंतू वाढलेत, ओतून द्या. बाटली नुसती गरम किंवा हलवलेली असली तरी कारंजं उडतं, तेव्हा आधी ती शक्यता तपासा.

सावजी मटणासोबत कशी लागेल?
— एक वाचक, उमरेड (जि. नागपूर)

वाईट. अल्कोहोलनं तिखटाची आग वाढते, आणि त्या मसाल्यापुढे व्हॅनिला-खोबरं कुठंच टिकत नाही. सावजी दुसऱ्या दिवशी करा. या बिअरला आच आणि खमंगपणा लागतो: निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं कमी तिखटाचं भरीत, बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे, जुनं चीज. गोडात खव्याचा पेढा, तीळ-चिक्की किंवा नागपुरी संत्रा बर्फीचा छोटा तुकडा, कारण संत्र्याच्या सालीची कडवट बाजू गडद माल्टशी जुळते. पदार्थ बिअरपेक्षा जास्त गोड नको. गुलाबजामनंतर हीच बिअर आंबट आणि फिकी वाटेल.

गावचा सुतार सागाचं छोटं पिंप करून द्यायला तयार आहे. साधी बिअर त्यात मुरवली तर?
— एक वाचक, अर्जुनी मोरगाव (जि. गोंदिया)

नको. पांढऱ्या ओकच्या लाकडातल्या बारीक नळ्या आतून नैसर्गिक बुचांनी बंद झालेल्या असतात, म्हणून त्याचं पिंप गळत नाही. लाल ओकचंसुद्धा गळतं. सागात तेल असतं. ते दाराखिडक्यांना आणि नावांना वरदान, पण बिअरमध्ये उतरलं तर चामड्यासारखा रबरी वास येईल, आणि ते पोटात जाणंही बरं नाही. खैर, बाभूळ इतके तुरट की काही दिवसांत बिअर तोंडात धरवणार नाही. शिवाय बाटलीतली बिअर उघडून पिंपात ओतली की वायू जातो, हवा मिसळते, आणि पाच टक्क्यांत जंतूंना रोखायची ताकद नसते. व्हिनेगर होईल. पिंप पाण्यासाठी वापरा.

हिंगणघाटला घरी नेऊन चाखता येईल का?
— एक वाचक, सध्या मुक्काम नागपूर

नाही. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, बाटली नेणं आणि बाळगणं गुन्हा ठरतो. (चंद्रपूरची 2015 मधली बंदी 2021 मध्ये उठली.) नागपूरलाच चाखा, आणि तिथंही राज्याचा मद्यपान परवाना जवळ असू द्या.

750 मिलीची बाटली एका बैठकीत संपत नाही. उरली तर?
— एक वाचक, मेहकर (जि. बुलढाणा)

घट्ट बूच लावून लगेच फ्रीजमध्ये उभी ठेवा. दुसऱ्या दिवशी वायू बराच कमी झालेला असतो, वास मात्र शाबूत असतो, कधी कधी लाकूड जास्त स्पष्ट कळतं. तिसऱ्या दिवशी पुठ्ठा डोकावू लागतो. शक्य असेल तर उघडताच निम्मी बिअर स्वच्छ, उकळून गार केलेल्या छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून बूच लावा. वर हवाच नसल्यानं तीन-चार दिवस निघतात.